रोजच्या भेदभावावर पॉडकास्ट काढायचाय? आधी कूलर बंद करा

नागपुरात आडनाव काढून घ्यायची एक ठरलेली चाल आहे. आधी "नाव काय?" मग "पूर्ण नाव?" मग "कुठले तुम्ही?" नागपूरच सांगितलं तर "तसं नाही हो, मूळचे कुठले?" एवढ्यानंही पत्ता लागला नाही तर शेवटचा हुकमी प्रश्न, "राहता कुठे?" इंदोरा, म्हणजे आमची बौद्ध वस्ती, म्हटलं की समोरचा माणूस "अच्छा" म्हणतो. हा "अच्छा" नीट ऐका. त्यातला 'च्छा' लांबतो, मान जरा मागे जाते, आणि तुमच्यासाठी मागवलेला चहा कोणत्या कपात द्यायचा याचा विचार सुरू झालेला दिसतो. बातमीत येण्यासारखं त्यात काहीच नसतं. विनोदी पॉडकास्टला मात्र एवढा माल पुरतो.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मी काळी, इंदोऱ्याची आणि बोलभांड. पॉडकास्टमधली माझी जोडीदार मणिपूरची. नर्सिंग शिकायला नागपुरात आली आणि इथेच नोकरीला लागली. तिची नागपुरी आता माझ्यापेक्षा खणखणीत आहे. रात्री शटर ओढलं की आम्ही दोघी दुकानातच बसून रेकॉर्डिंग करतो. "ताई, आम्हाला पण काढायचाय, कसं करायचं?" असं विचारणारे पोट्टे हल्ली बरेच येतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माल गोळा करताना

वही ठेवा. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण त्याच दिवशी लिहा आणि वाक्य जसंच्या तसं लिहा. "घरमालक जातीयवादी निघाला" ही नोंद काही कामाची नाही. "आमचं तसं काही नाही हो, पण वरच्या मजल्यावर आई राहते" ही नोंद सोन्याची. सारांश काढला की विनोद मेला. माणूस किती मोकळेपणानं सुरुवात करतो आणि कुठे येऊन अडकतो, ते त्याच्याच शब्दांत ऐकू आलं पाहिजे.

दुकानामुळे माझ्याकडे माल चालत येतो. लग्नाचा बायोडाटा टाइप करताना 'वर्ण' नावाची ओळ येतेच. त्या ओळीत गोरा, गोरापान, उजळ, निमगोरा, गव्हाळ एवढे सगळे रंग टाइप केलेत मी. 'काळा' एकदाही नाही. म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या उन्हात भाजणाऱ्या या विदर्भात लग्नाच्या वयाचं एकही माणूस काळं नाही. 'फेअर अँड लव्हली' हे 1975 पासूनचं नाव कंपनीनं 2020 मध्ये बदललं, 'ग्लो अँड लव्हली' केलं. आमच्या कॉम्प्युटरमधला बायोडाटाचा नमुना मात्र जुनाच आहे, कारण ती ओळ ग्राहक काढू देत नाहीत. एका काकांनी मुलीचा रंग "गव्हाळ" लिहायला लावला, मग स्क्रीनवर बघून म्हणाले, "थोडं उजळ करता येते का?" मी विचारलं, फोटो का गहू?

आडनावांचा माल तर आपल्याकडे भरपूर. मेश्राम हे आडनाव बौद्धांतही आहे आणि गोंडांतही. त्यामुळे मेश्राम म्हटलं की चौकशी करणाऱ्याची पंचाईत होते. त्याला आणखी चार प्रश्न विचारावे लागतात आणि प्रत्येक प्रश्नागणिक तो स्वतःच उघडा पडत जातो. यावर आमचा एक अख्खा भाग आहे. त्यात आम्ही डोकं काही लढवलं नाही, नुसते प्रश्न ओळीनं वाचले.

इतिहासाची एखादी ओळ खिशात असू द्या. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, 1702 मध्ये. आणि त्याच नागपुरात वर्गात एखाद्याला गणित समजलं नाही की मागच्या बाकावरून आवाज येतो, "गोंड आहे का बे?" ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा. पण एका भागात इतिहासाची ओळ एकच. दोन झाल्या की भाषण होते, आणि भाषण ऐकायला कुणी इयरफोन लावत नाही.

"एवढंसं तर बोलला, त्यात काय मोठं?" हे तुम्हाला पुष्कळ जण ऐकवतील, घरचेही. चेस्टर पियर्स नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं 1970 च्या दशकात नेमकं याच 'एवढंसं'वर लिहिलं. अपमान बारीक असतो पण रोजचा असतो, आणि रोजचा असल्यामुळे त्याचं ओझं साचत जातं. पॉडकास्टवाल्याला हे फार सोयीचं आहे, कारण साचणं ऐकवता येतं. तेच वाक्य वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा येऊ द्या: भाजीवाली, मैत्रिणीची सासू, बँकेतले साहेब. तिसऱ्यांदा ऐकताना माणूस हसतो. सहाव्यांदा तो हसायचा थांबतो. ते थांबणं कापू नका.

नेम कुणावर धरायचा

हे शिकायला नागपूरकराला गाव सोडायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या बायांचे मोठे पुतळे निघतात, आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे. बडग्या असतो तो सत्तेतल्या कुणाचा तरी, नाहीतर महागाई, भ्रष्टाचार असल्या पीडेचा. झाडूवाल्याचा बडग्या कुणी काढत नाही. आपल्या पॉडकास्टलाही तेवढाच नियम पुरे: हसू यायचं ते विचारणाऱ्यावर. ज्याला विचारलं त्याच्यावर नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण गाडी घसरते ती नक्कल करताना. ज्याच्यावर बेतलं त्याच्या बोलण्याची, उच्चाराची नक्कल केली की लगेच हशा मिळतो, आणि तो हशा चुकीच्या माणसावर पडतो. आमच्याकडे मी जोडीदाराच्या हेलाची नक्कल करत नाही. ती ऑटोवाल्याची करते. सीताबर्डीला ऑटोत बसली की तो तिच्याशी एकेक शब्द तोडून, मोठ्यानं, हात हलवत हिंदी बोलतो. ती बाहेर मान काढून म्हणते, "काहून जी भाऊ, मीटर नाही का तुमच्या ऑटोले?" त्यानंतर ऑटोवाला जे गप्प होतो ते थेट अजनीपर्यंत. ते गप्प होणं ती सुरेख वठवते. आता यात ऑटोवाल्याचाही अपमान नको, तो काही सत्तेतला नाही. म्हणून शेवटी तिला तो चहा पाजतो हेही ठेवलं. तसंच झालं होतं.

मारबतीत दुसरीही एक गोष्ट आहे. इडापीडा जिच्यासोबत गावाबाहेर काढायची, ती काळी. शाळेत असताना पोळ्याच्या आठवड्यात पोट्टे माझ्या मागून "घेऊन जा गे मारबत" ओरडत यायचे. मला मारबत आवडते. अजून दरवर्षी बघायला जाते, बडग्यांवरच्या ओळी वहीत उतरवून आणते. इतका नेमका टोमणा मारणारं शहर दुसरं नसेल. भागात आम्ही दोन्ही ठेवलं, आवडणंही आणि ते ओरडणंही. नुसतं सणाला झोडपलं असतं तर अर्धे ऐकणारे उठून गेले असते, आणि नुसतं कौतुक केलं असतं तर माझ्या शाळेतल्या पोट्ट्यांनीच मला खोटं पाडलं असतं.

एक किस्सा, कच्चा आणि पक्का

समजा असं घडलं. एक गृहस्थ 'भाड्याने देणे आहे'ची पाटी करून घ्यायला आले. मजकूर सांगितला, "फक्त शाकाहारी कुटुंबासाठी". वर आपण होऊन म्हणाले, "आमचं जातीपातीचं काही नाही बरं का." आणि रविवारी त्यांची स्कूटर सावजी भोजनालयासमोर दिसली.

पहिल्या खर्ड्यात प्रत्येक जण हेच लिहितो: बघा हा ढोंगी, बाहेर मटण चापतो आणि घरात शाकाहार! निकाल तुम्हीच देऊन टाकला, आता ऐकणाऱ्यानं करायचं काय? शिवाय घरी कांदासुद्धा जपून चिरणारी आणि बाहेर सावजीचा रस्सा ओरपणारी माणसं नागपुरात गल्लोगल्ली आहेत. तो काही गुन्हा नाही. दुसऱ्या खर्ड्यात लोक गृहस्थांच्या पोटावर, टकलावर, स्कूटरच्या आवाजावर जातात. हशा येतो, नेम सुटतो.

आता सगळं काढून टाका आणि फक्त टायपिंग ठेवा.

"काका, 'फक्त' केवढं घेऊ?"

"मोठं घ्या."

"आणि 'शाकाहारी'?"

"त्याच्याहून मोठं. ठळक."

"खाली 'जातपात पाळत नाही' टाकू का?"

इथे थांबा. मनातल्या मनात तीन मोजा.

"नको. तेवढी जागा नाही राहणार."

झालं. सावजी लागलाच नाही. मोह आवरत नसेल तर पैसे देता देता त्यांना विचारू द्या, "इकडे चांगला सावजी कोणता हो?" आणि तिथे भाग तोडा. मी तो ठेवला नाही, जोडीदाराला हवा होता. आम्ही अजून भांडतो.

या किश्शाला जोडून ती राज्यघटनेचं पंधरावं कलम वाचते. त्यात दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सगळ्यांची नावं आहेत. तिथे जायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येत नाही. भाड्याच्या खोलीचं नाव त्या यादीत नाही. ती म्हणते, "म्हणजे मी विहिरीवर जाऊ शकते, हॉटेलात जाऊ शकते, आणि रस्त्यावर तर राहूच शकते." कायद्याची माहिती द्यायचीच असेल तर अशी द्या, कुणाच्या तरी तोंडून आणि कुणाच्या तरी अडचणीतून.

जोडीदार आणि पाहुणे

एकट्यानं करू नका. एकटा माणूस पंधरा मिनिटांत तक्रार करायला लागतो. जोडीदार असा शोधा की ज्याला तुमच्यापेक्षा वेगळा त्रास होतो. मला रंगावरून आणि पत्त्यावरून ऐकून घ्यावं लागतं, तिला चेहऱ्यावरून. मला "मूळचे कुठले?" विचारतात, तिला थेट "नेपाळ?" म्हणतात. दोघींचं दुखणं एकच असतं तर आम्ही माना डोलवत बसलो असतो.

दर भागात एक वाक्य स्वतःच्या घरातलं पाहिजे. हा आमचा सगळ्यात कडक नियम आहे, आणि याच्यामुळेच लोक आमचं ऐकून घेतात. माझी आई जोडीदाराला पोटच्या पोरीसारखी जेवू घालते. पहिल्यांदा ती घरी आली तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "कायबा, हे लोक कुत्रं खातात म्हणते ना?" दाराआडून उत्तर आलं, "काकू, मले तर तुमच्या रश्श्यानंच घाम फुटला, कुत्रं कुठून खाऊ?" ज्या आईनं स्वतः जन्मभर पाणी वरून ओतलेलं प्यायलं, तिच्या तोंडी हे वाक्य. भागात मी त्यावर एक अक्षर बोलले नाही. आईला आधी ऐकवलं, तिनं पदर तोंडाला लावून हसत परवानगी दिली, मग टाकलं.

पाहुण्याला बोलावलं तर "तुमच्यावर झालेला अन्याय सांगा" असं चुकूनही म्हणू नका. माणूस लगेच मुलाखत द्यायला लागतो, आवाज बदलतो. त्याला विचारा, तुम्ही त्यावर घरी जाऊन काय विनोद केला? जवळजवळ प्रत्येकाकडे असतो, आणि तो तुमच्यापेक्षा चांगला असतो. कापलेला भाग टाकण्याआधी पाहुण्याला पाठवा. त्यानं "हे काढा" म्हटलं तर कारण न विचारता काढा. येण्याजाण्याचे पैसे द्या. तर्री पोहे हा मोबदला नव्हे, तो वेगळा द्यायचा.

नाव, गाव आणि कायदा

नागपूर मोठं झालं, मेट्रो आली, तरी प्रत्येकाचा मामा प्रत्येकाला ओळखतो. म्हणून वाक्य जसंच्या तसं ठेवा, माणूस बदला. धरमपेठचा मनीषनगरला न्या, डॉक्टरचा वकील करा, काकांची मावशी करा. दोन तपशील बदलले की बहुतेक काम होतं. माझ्यासारखं दुकान असेल तर ग्राहकाचा कागद हा कागदच राहू द्या: बायोडाटा, जातीचा दाखला, भाडेकरार यातलं एकही नाव, एकही फोटो बाहेर जाता कामा नये. बोललेलं वापरते ते असं बदलून. लिहून दिलेलं कधीच नाही.

चोरून रेकॉर्ड केलेला आवाज टाकू नका. नाव घेऊन एखाद्यावर आरोप केला तर बदनामीचा मामला होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, त्याचं कलम 356 आहे. त्याच संहितेचं 196 हे धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणांवरून गटागटांत वैर वाढवण्याबद्दल आहे. घाबरून जाऊ नका, पण माहीत असू द्या. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला जातीचं नाव घेऊन लोकांसमोर शिवी देणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून "मी तर फक्त तो कसा बोलला ते सांगत होतो" म्हणत शिवी चघळत बसू नका. आम्ही शिवीच्या जागी झेरॉक्स मशीनचा कागद अडकल्याचा आवाज टाकतो. शिवीपेक्षा जास्त हशा त्यालाच येतो.

आवाज

माइक महाग घ्यायची गरज नाही, खोली गप्प हवी. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत नागपुरात सगळ्यात मोठा शत्रू कूलर. त्याची घरघर एकदा रेकॉर्ड झाली की सॉफ्टवेअरनं ती काढता काढता तुमचाही आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून आधी तासभर कूलर चालवून खोली गार करा, मग बंद करा आणि घाम गाळत पंचवीस मिनिटं बोला. भाग आटोपशीर राहतो, हा वरचा फायदा. पंखाही बंद. आणि इन्व्हर्टर कुठे टीं-टीं करतोय का तेही बघा.

आमच्या दुकानात तिन्ही भिंतींना कागदाचे रिम रचलेले आहेत, त्यामुळे आवाज घुमत नाही. चौथ्या बाजूला शटर, त्यावर दोन गोधड्या टांगतो. तुमच्याकडे रिम नसतील तर कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा. गाद्या, उशा, लग्नात आलेली ब्लँकेटं, सगळं कामाला येतं. फरशीवर सतरंजी हवीच.

दोघांना दोन माइक हवेत, तेही डायनॅमिक, म्हणजे दूरचा आवाज कमी पकडतात. तोंडापासून अर्ध्या वितीवर, जरा तिरका धरा, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. सुरुवातीला अर्धा मिनिट दोघंही गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा. पुढे वाक्य कापलं की ती शांतता तिथे भरायला लागते. आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरतं. अडखळणं कापा, खोकला कापा, "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" अर्धे कापा. नेमक्या वाक्यानंतरची शांतता मात्र राहू द्या, आणि तयार हशाचा आवाज वरून चिकटवू नका. स्टिरिओ असेल तर शेवटी आवाजाची पातळी उणे 16 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप) आसपास आणा, मोनो असेल तर उणे 19. म्हणजे शेजारच्या पॉडकास्टवरून तुमच्याकडे येणाऱ्याला आवाजाचं बटण शोधावं लागत नाही.

चढवायचं काम अर्ध्या तासाचं आहे. होस्टिंगचं, म्हणजे भाग इंटरनेटवर ठेवायचं एक खातं उघडा, तिथून मिळणारा आरएसएस पत्ता (नवा भाग आला की ॲपला कळवणारी लिंक, संघाचा पत्ता नव्हे) स्पॉटिफाय आणि ॲपल पॉडकास्टला द्या. मुखपृष्ठाचं चित्र चौकोनी, 3000 बाय 3000 पिक्सेल. शिव्या असतील तर 'एक्स्प्लिसिट'ची खूण इमानदारीनं करा. नाव देवनागरीत ठेवा, माहितीत रोमन अक्षरांतही लिहा, कारण लोक शोधतात रोमनमध्येच.

पहिल्या दिवशी एकच भाग टाकू नका, तीन टाका. एका भागावरून लोक ठरवतात की तुम्ही रडके आहात का भांडखोर. तिसऱ्यापर्यंत गेले की ते ठरवायचं विसरतात.

पुढचे भाग वर्षाच्या हिशेबानं आखा, म्हणजे माल ताजा राहतो. जूनमध्ये कॉलेजं सुरू होतात, तेव्हा भाड्याची खोली. पोळ्याला मारबत. तुळशीचं लग्न झालं की बायोडाटा. आणि दसऱ्याला दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्या दिवसांत पुस्तकांच्या स्टॉलपुढे जी गर्दी असते तेवढी नागपुरात एरवी पुस्तकाच्या दुकानात बघायला मिळत नाही. त्या आठवड्यात माझ्या दुकानात एक वाक्य हमखास येतं, "तिकडून नका जाऊ, आज त्या लोकांची गर्दी आहे." आणि तेच गिऱ्हाईक दोन दिवसांनी विचारतं, "ती अमुक पुस्तकं तिथे निम्म्या किमतीत मिळतात म्हणे, आणून द्याल का?" मी आणून देते. येण्याजाण्याचा ऑटो लावून.